बरोबरीत सुटलेली कुस्ती

आबा,

तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली, आणि एवढ्या वर्षांत मी तुमच्याशी मनातल्या मनातसुद्धा नीट बोललो नाही. बोलायला गेलं की भांडण होतं, आणि तुमच्याशी भांडून काही हाती लागत नाही हे तुम्ही जिवंत असतानाच मला कळलं होतं. आज लिहायला बसलोय ते तुमच्या नातीमुळे. तुम्ही गेलात तेव्हा ती तीन वर्षांची होती, मांडीवर बसून तुमच्या मिशा ओढायची. आता एकोणीस वर्षांची आहे. लातूरला माझ्याजवळच राहून कॉलेज करते आणि बॉक्सिंग खेळते, तेही सगळ्यात वरच्या वजनगटात. हाड तुमचं घेतलंय तिनं. तिची आत्या म्हणते, हिला नवरा कुठून आणायचा? ही म्हणते, सापडला की मीच उचलून आणते.

गेल्या रविवारी तिनं मला मोबाइलवर एक गंमत दाखवली. हेवीवेटचे दोन जगज्जेते, एक साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा आणि एक आत्ताचा. आयुष्यात त्यांची गाठ पडणं शक्यच नव्हतं. पण कुणीतरी दोघांची उंची, वजन, हाताची लांबी कॉम्प्युटरात घालून त्यांना एका रिंगणात उभं केलं होतं. खाली जगभरची रिकामटेकडी माणसं भांडत होती, कुणी जुन्याच्या बाजूनं, कुणी नव्याच्या. कॉम्प्युटरनं नव्याला जिंकवलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "हट्! जुना त्याच्या ऐन काळात असता तर हा दोन मिनिटं टिकला नसता." पोरगी म्हणाली, "पप्पा, त्या जुन्याला तुम्ही कधी लढताना बघितलंय का?" मी कुठला बघायला? मी जन्मायच्या आधीच त्याचे हातमोजे खुंटीला लागले होते. ते वाक्य माझं नव्हतंच आबा, ते तुमचं होतं, त्या दोन मिनिटांसकट.

देवणीचे पैलवान, तुमच्या पिढीतला सगळ्यात नावाजलेला मल्ल, आपल्या घरी कधी आले नाहीत, पण आपल्याकडे जेवायला ते रोज असायचे. आई चुलीपुढे भाकरी थापायची, मी पाटावर बसायचो आणि तुम्ही सुरू व्हायचात. देवणीचे पैलवान बैठकीला आठ भाकरी खायचे, कासंडीतलं धारोष्ण दूध उभ्यानं प्यायचे, त्यांची मान अशी की दोन हातांच्या ओंजळीत मावायची नाही. मी तिसऱ्या भाकरीला रेंगाळलो की तुम्ही म्हणायचात, "तीनमदीच घाम फुटला का रं? देवणीचे पैलवान या वयात..." आई मधे पडायची, "गिळू द्या की लेकराला. त्या देवणीच्याला त्याची आई घालील." मी अठराव्या वर्षी तालुक्यात पहिला आलो, तेव्हा तुम्ही म्हणालात, तालुक्यात आता राहिलंय कोण? विद्यापीठाच्या स्पर्धेत रुपेरी पदक मिळालं, ते घेऊन मी गावी आलो, तर तुम्ही ते हातातसुद्धा घेतलं नाही. "गादीवरची कुस्ती. गादीवर लोक झोपतेत," एवढंच बोललात. पिकतं तिथं विकत नाही हे ठीकच, पण निदान पिकलंय एवढं तरी म्हणावं माणसानं.

गावासाठी मात्र तुमचा शब्द म्हणजे शब्द. मुखेडपासून जळकोटपर्यंत कुठल्याही जत्रेत कुस्त्यांचा फड असला की जोड लावायला तुम्हालाच बोलावणं यायचं. कुणाची कुस्ती कुणाशी हे तुम्ही ठरवायचं. वजनकाटा नाही, कागद नाही. दोघांना खांद्याला खांदा लावून उभं करायचं, एकेकाच्या मानेवर मागून पंजा ठेवायचा, मनगट धरायचं, मग त्यांना चार पावलं चालायला लावून त्यांचे पाय बघायचे. वजन पायात दिसतं, असं तुमचं म्हणणं. मग "जोड हाय" किंवा "न्हाई जमत." बस. तुम्ही लावलेल्या जोडीत कुणाचं हाड मोडलं असं ऐकिवात नाही. आणि कुस्ती फार लांबली, दोघंही हटेनात, तर तुम्ही मधे जाऊन दोघांचे हात वर धरायचात. कुस्ती बरोबरीत सुटली. दोघांना फेटे, दोघांचा मान, त्यावर कुणी ब्र काढायचा नाही. एवढ्या परगावच्या पोरांच्या मानेवर तुम्ही पंजा ठेवलात. माझ्या मानेवर किती वेळा, ते मला मोजता येतं. एकदा.

त्या दिवसाबद्दलच बोलायचंय. मी तेवीस वर्षांचा होतो. जळकोटकडच्या त्या गावात मानाच्या शेवटच्या कुस्तीला माझ्यासमोर परभणीचा पैलवान यायचा होता, तो आलाच नाही. दुपार कलली, हलगी वाजून वाजून थकली, लोक ओरडायला लागले. देवणीचे पैलवान पाहुणे म्हणून आले होते, कडेला खुर्चीवर बसले होते. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, पोट सुटलेलं, पण मान तशीच. गर्दीतून कुणीतरी चेष्टेनं ओरडलं, "वस्ताद, तुमचं पोरगं अन् देवणीचे पैलवान, लावा की जोड!" सगळा फड हसला. तेही हसले. हसत हसत उठले, सदरा काढून खुर्चीवर टाकला आणि म्हणाले, "चला, पोराचा हात तर बघू."

तुम्हाला "न्हाई जमत" म्हणता आलं असतं. बाप आपल्या पोराची जोड लावत नाही, दुसऱ्या पंचाला पुढे करतो, ही तर तुम्हीच पाळलेली रीत. वयाचं कारण होतं, पोटाचं होतं. तुम्ही कितीतरी वेळ उभेच राहिलात. मग आमच्या मधे आलात, एक पंजा त्यांच्या मानेवर ठेवलात, एक माझ्या. तुमचा तळवा गरम होता, मला अजून आठवतो. आम्हाला चालायलासुद्धा लावलं नाहीत. "जोड हाय," म्हणालात. आबा, तुम्हाला कधी कळलं नसेल, पण मी कुस्ती तिथंच जिंकलो होतो. ज्या माणसापुढे माझी तिसरी भाकरी घशात अडकायची, त्याच्या बरोबरीचा मी आहे असं तुम्ही चारचौघांत सांगितलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी मातीच्या निमित्तानं पुसलं.

पहिली दोन मिनिटं मला काही सुधरेना. त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला वाटलं, आबा म्हणतात ते खोटं नाही. मग तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला त्यांच्या छातीतून शीळ ऐकू यायला लागली. मी खाली वाकून पट काढला, पाय उचलला आणि तो डोंगर खाली आला. मी वर चढलो. त्यांचा एक खांदा मातीला टेकला, दुसरा चार बोटं वर. मी जोर लावतोय, तो खांदा खाली येतोय, तीन बोटं, दोन बोटं, आणि माझ्या पाठीवर तुमची थाप पडली. "सुटली! बरोबरीत सुटली!"

लोकांनी शिट्या मारल्या, कुणी कुणी शिव्याही घातल्या. पैलवानांनी उठून माझं कपाळ चुंबलं आणि स्वतःचा फेटा माझ्या डोक्याला बांधला. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाही. परतताना एसटीत जागा नव्हती, आपण दोघं दांड्याला धरून उभे होतो. मी म्हणालो, "आबा, पाठ लागत होती." तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "तू कुटं लावत होतास? त्यांचा दम संपला होता, दम. ऐन काळात असते तर तू दोन मिनिटं टिकला नसतास." मी म्हणालो, "मग जोड कशाला लावली?" कंडक्टर आला, तुम्ही दोन तिकिटं मागितलीत. त्यानंतर अकरा वर्षं तुम्ही होता, पण त्या प्रश्नाचं उत्तर काही आलं नाही.

मी मातीत पुन्हा उतरलो नाही. लातूरला शाळेत खेळाचा शिक्षक झालो आणि पोरांना खो-खो शिकवत राहिलो. पुढे एकदा आईनं सांगितलं की तुमच्या विशीत तुमचीही देवणीच्या पैलवानांशी कुस्ती झाली होती, आणि त्यांनी तुमची पाठ दोन मिनिटांत लावली होती. आई हसत सांगत होती. मला हसू आलं नाही. म्हणजे ती दोन मिनिटं तुमची स्वतःची होती, आणि तुम्ही ती जन्मभर माझ्या ताटात वाढत होता. मी त्यांची पाठ लावली असती तर तुमची ती हार फारच किरकोळ झाली असती, नाही का? मोठ्या माणसाकडून हरलो, एवढंच तर तुमच्यापाशी होतं.

नांदेडच्या दवाखान्यात तुमचे शेवटचे दिवस चालले होते, तेव्हा देवणीचे पैलवान भेटायला आले. साखरेच्या आजारानं वाळले होते, मान सदऱ्याच्या गळ्यात हलत होती. तुम्ही दोघं बोलायला लागलात, कशावर, तर निजामाच्या वेळी हैदराबादहून येणाऱ्या कुणा पैलवानावर. ते म्हणाले, "त्येच्यापुढं आपन काय वस्ताद? किस झाड की पत्ती!" तुम्ही मान डोलावलीत. ज्याच्याबद्दल तुम्ही दोघांनी फक्त ऐकलं होतं, ज्याला बघितलं नव्हतं, तो तुम्हा दोघांहून थोर. दुरून डोंगर साजरे, दुसरं काय! मग ते माझ्याकडे वळले. "पोरा, त्या दिशी माझी पाठ लागलीच होती. मी समद्यास्नी सांगतो. तुझा बापच तेवढा मानत न्हाई." मी तुमच्याकडे पाहिलं. खरंच सांगतो, श्वास रोखून पाहिलं. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. मग म्हणालात, "तुमची छाती वाजत होती. मेला असता की फडात." बोललात तेही त्यांच्याशी. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

छाती वाजत होती म्हणून सोडवली, हे मी मान्य करतो. माझ्याही कानात ती शीळ होती, आणि पंच म्हणून तुम्ही बरोबर होता. मग एसटीत तेवढंच सांगायचं होतं. आणि जोड का लावली, ते? चाळीस वर्षांत तुमची एकच जोड चुकली आबा, आणि ती तुम्ही माझ्यासाठी चुकवलीत. पोराला एकदा त्यांच्या बरोबरीनं उभं राहिलेलं बघायची हौस तुम्हालाही होती, असं मला अलीकडे वाटतं. पण वाटून काय करू? तुमच्या मनातलं कौतुक मी पन्नासाव्या वर्षी अंदाजानं ओळखायचं, ही काय रीत झाली? एक वाक्य लागलं असतं. जन्मभर लोकांच्या पोरांचा मान राखलात, घरी दोन शब्द आणताना हात आखडला. मला त्याचा राग येतो. अजून येतो, आणि लिहून कमी झाला असंही नाही.

पण खरं सांगायचं तर मी मोबाइलच्या त्या खेळामुळे लिहायला बसलो नाही. महिन्यापूर्वी नांदेडला पोरीची विभागाची अंतिम लढत होती. समोरची मुलगी हिच्याहून उंच, गेल्या वर्षीची विजेती. पहिल्या फेरीत हिनं मार खाल्ला. दुसऱ्या फेरीत ती पाय बदलून आत शिरायला लागली, मी कधी शिकवलं नव्हतं असं, आणि तिसरीत तिनं समोरचीला दोरापर्यंत रेटलं. पंचानं हिचा हात वर केला. डोक्यावरचा तो जाडजूड टोप काढून, ओठ सुजलेला, ती सरळ माझ्याकडे आली. सोबतच्या पोरी ओरडत होत्या, तिनं तिकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बोला की पप्पा."

मी म्हणालो, "समोरचीचा दम संपला होता."

ती हसली नाही, चिडलीही नाही. "हाव, असेल," म्हणाली आणि हाताच्या पट्ट्या सोडत निघून गेली. घरी आल्यावर पदक तिनं कपाटात टाकलं, जिथं माझं ते रुपेरी पडलंय तिथंच. महिना झाला, जेवायला वाढते, मोबाइलवरच्या गमती दाखवते, पण लढतीला चला असं म्हणत नाही. खाण तशी माती, दुसरं काय! परवा तिची पुढची लढत आहे, हे मला तिच्या मैत्रिणीकडून कळलं.

हा कागद मी कुठं पाठवणार? त्याच कपाटात ठेवीन. तुम्हाला एवढंच सांगायचं होतं, कारण तिला सांगायला अजून माझी जीभ रेटत नाही. आबा, समोरच्या पोरीचा दम संपला नव्हता. मी जवळून बघत होतो. तिचा श्वास शेवटपर्यंत चांगला होता.