गालावरचं ऊन

दीक्षितपुरा, जबलपूर

प्रिय प्रतिमा,

तुझा अकोल्याचा पत्ता आपल्या फॅक्टरीतल्या कुंदाकडून मिळवला. पन्नास वर्षांनी पत्र लिहायचं आणि विषय काय, तर चेहऱ्याला लावायचं क्रीम! हसशील तर हस, पण आमच्या घरात सध्या दुसरा विषयच नाही. आमच्या ज्योतीला, म्हणजे नातीला, वर्षभरापासून गालावर कोड आलंय. पोरगी अठराची. भोपाळच्या कॉलेजात नंबर लागलाय, महिनाअखेरीस जाऊन प्रवेश घ्यायचा आहे, आणि ती खोलीचं दार उघडायला तयार नाही.

सदर बाजारातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या पांढऱ्या जागेला उन्हापासून जपा, ती लवकर भाजते. झालं, घरात ऊन अडवणाऱ्या क्रीमच्या ट्यूबांची रांग लागली आणि मी भिंग घेऊन बसले. एकीवर पन्नासचा आकडा हा एवढा मोठा, पण वास असा की अत्तराचं दुकान उघडावं. नाजूक कातडीला सुगंध नको, असं बाईंनी बजावलं होतं, म्हणून ती बाद. दुसरी पाण्यासारखी पातळ, घामाबरोबर डोळ्यांत उतरून चुरचुरते. तिसरीच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत झिंक ऑक्साइड लिहिलेलं दिसलं, आणि मग माझं वाचन तिथेच थांबलं.

आठवतं ना? एकाहत्तरचं युद्ध संपलं होतं, लष्करी ट्रकांच्या आपल्या फॅक्टरीतला ओव्हरटाइम मात्र संपत नव्हता. आपण दोघी रंगतपासणीत. मे महिन्याच्या उन्हात नव्या ट्रकांच्या रांगांतून साहेबांच्या मागे फिरायचं, कुठे रंग उडालाय, कुठे ओघळलाय ते टिपायचं. संध्याकाळी तुझ्या गालावरचा पांढरा डाग लालबुंद व्हायचा. पदर दातांत धरून तू काम करायचीस, आणि मला इतका राग यायचा की त्या सूर्यालाच नापास करावं. शेवटी कमानिया गेटजवळच्या औषधवाल्याकडून झिंक ऑक्साइडची पुडी आणली. कोणी म्हणे खोबरेलात कालवा, कोणी म्हणे व्हॅसलीनमध्ये, आणि शेजारच्या बेबीताई म्हणाल्या, वरून लिंबू पिळा, लिंबाशिवाय काय गुण येऊन राहिला! बेबीताईंचा प्रत्येक दुखण्यावर लिंबू हाच उतारा होता.

आपण पडलो फॅक्टरीवाल्या. तिथे रंगाचे पत्रे अर्धे झाकून छतावर उन्हात ठेवत, कोणता रंग टिकतो ते पाहायला. आपण माझा हातच पत्रा केला. खिडकीवर अजून चिकटलेला ब्लॅकआउटचा काळा कागद कापून हात अर्धा झाकला, उरलेल्यावर तिन्ही लेपांचे पट्टे ओढले आणि रविवारची दुपार गच्चीवर काढली. लिंबाच्या पट्ट्याने फोड आले, तो काळा डाग दिवाळीपर्यंत टिकला. खोबरेलाचा पट्टा मात्र झकास पास! दुसऱ्या दिवशी तू तोच लावून यार्डात गेलीस आणि गाल पहिल्याहून जास्त भाजून आलीस. चूक कळायला बराच वेळ लागला. माझा हात गव्हाळ, तो काही न लावताही भाजला नसता. मी रडकुंडीला आले, आणि तू हसत सुटलीस. म्हणालीस, “विनते, लाकडावर रंग तपासून लोखंडाला पास करून राहिलो ना आपण!”

पुढच्या रविवारी तू पदर खाली टाकलास. म्हणालीस, आता माझाच गाल घे. आजूबाजूच्या गच्च्यांवरून बाया बघत होत्या आणि तू व्हॅसलीनमधला घट्ट लेप थापून रामलीलेतल्या वानरासारखी ताठ बसून राहिलीस. तो लेप टिकला. माझा भाऊ विष्णू आपल्याला पाणी द्यायला वर आला होता, तो खाली जायचंच विसरला. त्या उन्हाळ्यात तो किती वेळा पाणी घेऊन आला! इतकी तहान तर ट्रकांच्या इंजिनांनाही लागत नसेल. फार सुखाचे दिवस होते ते.

पुढचं तुला सांगायला नको. तुझे बाबा तुझ्या नि विष्णूच्या लग्नाची बोलणी करायला आले, तर आमच्या अण्णांनी त्यांना बसा म्हटलं नाही. कोडाची मुलगी आणली तर पुढच्या पिढीत कोड येईल, एवढं म्हणून आत निघून गेले. मी भांडले, आकांत केला. विष्णू मान खाली घालून उभा राहिला. तू राजीनामा देऊन अकोल्याला गेलीस. कुंदा सांगते, आता कोड तुझ्या चेहऱ्याभर, हातांवर पसरलंय, तू कधीच तोंडाला काही बांधलं नाहीस, आणि शाळेतली मुलं घाबरायची ती फक्त तुझ्या गणिताला. ऐकून मला तुझा असा अभिमान वाटला म्हणून सांगू!

तिसरी ट्यूब चांगली आहे. ज्योतीच्या कानामागे लावून पाहिली, खाज नाही, पुरळ नाही. ती सकाळी लावते आणि पुन्हा कडी लावून बसते. आता खरं लिहिते. ज्योती विष्णूची नात आहे. हे पहिल्याच ओळीत लिहिलं असतं तर तू पुढे वाचलं नसतंस. अण्णा ज्याला भ्याले ते तुझ्याशिवायच या घरात आलं. प्रतिमा, तू येशील का? ज्या दारातून तुझे बाबा उभ्याउभ्या परत गेले, तिथे ये म्हणायला माझी जीभ रेटत नाही, तरी म्हणते. हे पत्र लिही असं विष्णूनेच सांगितलं. म्हणाला, ती येईल तेव्हा मी नर्मदेवर, ग्वारीघाटावर जाऊन बसेन, तिला माझं तोंड पाहावं लागू नये. प्रतिमाला म्हणावं, ज्योतीला मात्र तुझं तोंड एकदा पाहू दे.

तुझीच,
विनता