पूर्ण बाह्या

कळंब

साजिदभाई, सलाम.

परवा फोनवर मी खोटं बोलले. वर्गातल्या निकितासोबत येडशीजवळच्या नव्या भट्टीवाल्या हॉटेलात पोटभर जेवले, असं सांगितलं. खरं तर एक घासही उतरला नाही.

जाळावर मटण भाजणारा आचारी स्वतः ताट घेऊन आला. मनगटापासून कोपरापर्यंत त्याचे हात डागांनी भरले होते. निकिता म्हणाली, "काका, मटणासोबत हातबी भाजता का?"

तो हसला. "व्हय ताई. घरी जाताना पूर्ण बाह्या घालतो. लेकरं भितात."

भाई, शारजातल्या हॉटेलात तुम्ही काउंटरवर बसता ना? मग भर जूनमध्येही व्हिडिओ कॉलवर पूर्ण बाह्या कशाला? विचारलं की म्हणता, "एसी लई थंड असतो गं."

घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, तीही तुमच्या कमाईवर. आता पुस्तक उघडलं की हातच दिसतात. कॉलेज सुटलं तरी चालेल, तुम्ही परत या.

हे पत्र मी पाठवणार नाही. वाचून तुम्ही नवं कारण शोधाल. अब्बांसमोर मात्र तुम्हाला खोटं बोलता येत नाही. म्हणून त्यांना शेजारी बसवून विचारणार आहे, "भाई, बाही वर करा." येत्या शुक्रवारी, सात तारखेला, जुम्म्याच्या नमाजनंतर तुमचा व्हिडिओ कॉल आला की लगेच.

तुमची,
हुमेरा