आठ वाजेपर्यंतचा तलाव

नागपूर,
२८ नोव्हेंबर २०२४

ती. अंजनाआत्यास विक्कीचा सविनय जयभीम, वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाईलवर वाचायला तू तयार नाहीस. त्यामुळे विमानतळाजवळच्या मिहानमधल्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या हजारो पोरांत पोस्टाची पाकिटं घेणारा मी एकटाच असेन. गुडघा कसा आहे?

आता मुख्य गोष्ट. परिचय मेळाव्यात भेटलेली रोशनी, धंतोलीत रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे ती, तिच्याकडून निरोप आला. नुसत्या चहापोह्यांवर ती होकार देणार नाही. जानेवारी संपेपर्यंत अधूनमधून रविवारी भेटायचं, बोलायचं, मग ती सांगेल. अट एकच, उसनं काही आणायचं नाही. आधीच्या स्थळातला मुलगा मित्राची गाडी आपली म्हणून फिरवत होता. साक्षगंधाला आठ दिवस उरले असताना ते उघड झालं.

आत्या, मला ही मुलगी मनापासून आवडली आहे. पण दर खेपेला मॉल आणि हॉटेल मला झेपणार नाही. घरी धाकट्या छकुलीच्या नर्सिंगची फी सुरू आहे. या थंडीत नागपुरात कमी खर्चात मुलीला कुठे न्यावं? बाबांना विचारलं, तर म्हणाले घरी आण आणि भरीत खाऊ घाल. त्यांना विचारून चूक केली. लवकर लिही.

आजवर जसा लाड केलास तसा याही बाबतीत कर.

तुझा,
विक्की

&nbsp;

पारशिवनी,
३ डिसेंबर

चि. विक्कीस पोटभर आशीर्वाद, वि. वि.

काहून रे, चार महिन्यांनी पत्र आणि तेही कामापुरतं? गुडघा आहे तिथेच आहे.

पण कमी खर्चात फिरण्याचं विचारतोस तर बरोबर ठिकाणी आलास. लग्न झालं तेव्हा आम्ही इंदोऱ्यात दोन खोल्यांत नऊ माणसं होतो. हे, म्हणजे तुझे देवाजीमामा, मिलमध्ये. नवराबायकोला दोन शब्द बोलायचे तर घराबाहेरच पडावं लागे. थंडीतल्या रविवारी अंधार सरता सरता ते मला सायकलवर डबलसीट फुटाळ्याला नेत. धुक्यात पलीकडचा काठ दिसत नसे. एक शाल, त्यात दोघं. ते म्हणत, की आठ वाजेपर्यंत तलाव आपला हाय, मंग सरकारचा. आठनंतर माणसं यायला लागत, म्हणजे आमचं राज्य संपलं. मग तर्रीपोहे. प्लेट एक आणि तर्री तीनदा मागून. ते संत्रं सोलत आणि साल माझ्या हातावर चोळत. दिवसभर हाताला वास राही.

दुपारी अजब बंगल्यात, त्या म्युझियममध्ये, जायचं. तिथल्या पेंढा भरलेल्या प्राण्यांना आम्ही नातेवाइकांची नावं देत असू. एका अस्वलाला तुझ्या आजोबांचं नाव दिलं होतं. हे घरी बोलशील तर याद राख.

ते गेल्यापासून अकरा वर्षांत मी फुटाळ्यावर पाऊल ठेवलं नाही. जाऊन बोलणार कोणाशी, आणि कोणी बोललं तरी ऐकू कुठे येतं? तू जा. स्वेटर घालून जा.

घरात सगळ्यांना माझी आठवण दे, आणि तू ती ठेव.

तुझी,
आत्या

&nbsp;

नागपूर,
१० डिसेंबर

ती. आत्यास सविनय जयभीम, वि. वि.

जिंकलो! फुटाळ्यावर इतकं धुकं होतं, की रोशनी स्कूटी लावून माझ्यासमोर येईपर्यंत मला दिसलीच नाही. मी तलावाचं ते वाक्य म्हटलं, आठ वाजेपर्यंत आपला, मंग सरकारचा, आणि ती इतकी हसली, की बाकावरचे आजोबा वळून बघायला लागले. नंतर तिनं विचारलं, हे तुला सुचलं का? मी नुसती मान हलवली. बोललो काहीच नाही, म्हणजे खोटंही नाही बोललो. संत्र्याची सालही हातावर चोळली. ती म्हणाली, की असं कोणी केलं नव्हतं कधी.

बावीस तारखेला अजब बंगला. तुझं पत्र जॅकेटच्या खिशात ठेवलंय. परीक्षेला जाताना वही नेतात तसं. आणखी काही आठवलं तर कळव.

आशीर्वाद पाठव, जरा जास्तच पाठव.

तुझा,
विक्की

&nbsp;

पारशिवनी,
१९ डिसेंबर

चि. विक्कीस आशीर्वाद, वि. वि.

आठवडाभर बहिणीकडे हुरडा खायला गेले होते, तुझं पत्र आज हाती पडलं. वाचून आधी हसले आणि मग मला राग आला. अरे, मान हलवणं हे बोलणंच झालं. ते वाक्य तुझ्या मामाचं आहे. मी तुला जागा सांगितल्या होत्या, माणूस नव्हता दिला. पोरीनं एकच अट घातली आणि तू पहिल्याच रविवारी ती मोडलीस. अजब बंगल्याच्या दारातच तिला खरं सांग, मगच आत पाऊल टाक.

हे रविवारच्या आत पोचावं म्हणून गुडघा दुखत असताना स्वतः पोस्टात जाते आहे.

रागावले तरी तुझीच,
आत्या

&nbsp;

नागपूर,
२६ डिसेंबर

आदरणीय अंजनाबाईंना सविनय जयभीम, वि. वि.

मी रोशनी. आपली ओळख नाही. पाकिटावरचा पत्ता पाहून लिहिते आहे. ऐकायला त्रास होतो असं कळलं, म्हणून अक्षर मोठं काढलंय.

आधी माफी मागते. रविवारी अजब बंगल्यात विक्कीनं अस्वलाला आजोबांचं नाव दिलं. म्हणाला, की लहानपणापासून हा त्याचा खेळ आहे. मी खूप हसले. बाहेर आलो तेव्हा थंडी वाजत होती, त्यानं मला त्याचं जॅकेट दिलं. खिशात हात घातला तर तुमचं पत्र. दुसऱ्याचं पत्र वाचू नये. मी वाचलं. तलाव, संत्रं, अस्वल, सगळं त्यातच होतं. मी त्याला एवढंच म्हटलं, की पहिल्याची गाडी उसनी होती, तुझे रविवार उसने निघाले. जॅकेट परत केलं आणि निघून आले.

सोमवारी त्यानं तुमच्या दुसऱ्या पत्राचा फोटो पाठवला. ते एक दिवस उशिरा पोचलं होतं. तो म्हणतो, की पत्र वेळेवर मिळालं असतं तरी त्याला धीर झाला असता की नाही, हे त्याला सांगता येत नाही. निदान हे तरी खरं वाटलं.

मी रागात आहे, पण तुमचं ते पत्र डोक्यातून जात नाही. म्हणून विचारते. देवाजी तुमच्याशी कधी खोटं बोलले होते का? आणि बोलले असतील तर तुम्ही काय केलंत?

लहान तोंडी मोठं विचारलं, सांभाळून घ्यावं.

आपली नम्र,
रोशनी

&nbsp;

पारशिवनी,
२ जानेवारी २०२५

चि. रोशनीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचलंस ते बरं केलंस. अक्षर छान आहे. कोणी माझ्यासाठी मोठ्यानं ओरडतं, अक्षर मोठं काढणारी तूच पहिली.

आता तुझा प्रश्न. तलावाचं ते वाक्य मला फार आवडायचं. लग्नानंतर सहा महिन्यांनी ह्यांचे मिलमधले एक सोबती जेवायला आले, आणि बोलता बोलता तेच वाक्य आपलं म्हणून बोलून गेले. तेव्हा मला कळलं, की मूळ वाक्य त्यांचं. मी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी हे म्हणाले, की वाक्य त्याचं असंन, पण थंडीत सायकल तर मीच हाणतो ना वं? मला हसू आलं आणि भांडण मिटलं. पण त्यानंतर ह्यांनी माझ्यापासून काही लपवलं नाही. मी भांडले म्हणूनच हे झालं, असं माझं मत आहे.

भाच्याची वकिली मी करणार नाही. मला तो प्रिय आहे, म्हणून माझं मत धरू नको. वाटलं तर त्याच्याकडे एक रविवार माग, त्याचा स्वतःचा. मी त्याला एक ओळही लिहिणार नाही. तो रविवार कंटाळवाणा निघाला तरी खरा असेल. नाही पटला तर सरळ नाही म्हण, मला वाईट वाटेल पण राग येणार नाही.

होकार असो की नकार, मला लिहीत जा.

तुझी,
अंजनाबाई

&nbsp;

नागपूर,
१३ जानेवारी

ती. आत्यास सविनय जयभीम, वि. वि.

तू पत्र लिहिणं का थांबवलंस ते काल कळलं. बरं केलंस.

रोशनीनं शेवटचा एक रविवार दिला. आठवडाभर विचार केला, माझं स्वतःचं असं नागपुरात आहे तरी काय? शेवटी तिला विमानतळाच्या कुंपणाबाहेर शिवणगावच्या बाजूला घेऊन गेलो. दुपारी कामावर डबा संपला, की मी पुष्कळदा तिथे एकटाच उभा असतो. फुटाणे आणि बोरं नेली होती. विमान डोक्यावरून उतरतं तेव्हा छाती हादरते. प्रत्येक विमानाचा आवाज ऐकून मी त्याच्या इंजिनाबद्दल सांगत सुटलो. मध्येच वाटलं, ही कंटाळली. मग मी तिला ते सांगितलं जे घरी कोणालाच माहीत नाही. मी विमानं दुरुस्त करतो, पण आजवर एकदाही विमानात उडलेलो नाही. बाबा सगळ्यांना सांगतात, की पोरगा विमानातून हिंडतो. मीही कधी नाही म्हटलं नाही, इथेसुद्धा मान हलवत आलो. संध्याकाळी घरी जाऊन बाबांनाही खरं सांगितलं. ते म्हणाले, की तरी भरीत खाऊ घाल म्हणत होतो.

रोशनी ऐकून हसली नाही. किती विमानं झाली ते तिनं विचारलं. मी म्हटलं, सहा. ती म्हणाली, की अजून दोन बघून जाऊ. होकाराचं विचारलं तर म्हणाली, ते मी आत्यांना लिहीन. मला धड झोप नाही, आत्या.

जे होईल ते होवो, तू माझ्यावर रुसू नकोस.

तुझा,
विक्की

&nbsp;

नागपूर,
१५ जानेवारी

ती. आत्यास रोशनीचा सविनय जयभीम, वि. वि.

मागच्या पत्रात आदरणीय अंजनाबाई लिहिलं होतं. आज आत्या लिहिलं. हे सगळ्यांत आधी तुम्हालाच कळतंय, विक्कीला अजून सांगितलेलं नाही. रविवारी सव्वीस तारखेला सांगीन, फुटाळ्यावर, तुमच्यासमोर.

तेव्हा शनिवारच्या बसनं या. तुम्ही येणार एवढंच विक्कीच्या आईला सांगितलं आहे, त्या अंथरूण घालून ठेवणार आहेत. रविवारी पहाटे मी रिक्षा घेऊन दाराशी येईन, गुडघ्याला त्रास होणार नाही. ऐकू येण्याची काळजी करू नका. मी एक जाड वही आणि दोन पेनं आणते आहे. जे बोलायचं ते आपण लिहू. विक्कीला संत्री सोलायला बसवू.

शाल मात्र तुमचीच आणा, ती दोघांची. माझ्याकडे माझी आहे, पण मला तीच हवी. आणि आठच्या आत पोचायचं आहे.

येण्याचं नक्की करा, नाही म्हणू नका.

तुमची,
रोशनी