डावीकडचं चाक

लोणावळा, रविवार, नोव्हेंबर १९३८

ह्यांच्या माघारी आज प्रथमच त्यांची निळी अमेरिकन मोटार बाहेर काढली. तिचं स्टिअरिंगचं चाक डावीकडे, त्यामुळे समोरून येणारं उजवीकडे बसणाऱ्याला, म्हणजे मलाच, आधी दिसतं. पुढे बैलगाडी असली की हे विचारायचे, "जाऊ का गं?" मी हो म्हटल्याशिवाय कधी गेले नाहीत.

आमचा वसंत म्हणतो, चाक उजवीकडे बसवून घेऊ, तू मागे आरामात बस. आज होकार देणारच होते. पण खंडाळ्याजवळ गवताची गाडी पुढे लागली आणि ड्रायव्हर उस्मानभाई म्हणाले, "बाईसाहेब, मला काय दिसंना. जाऊ का?"

किती दिवसांनी! "जा," म्हटलं. निळ्या बॉनेटवरून आभाळ वाहत राहिलं...

घरी येऊन वसंतला सांगितलं, "चाक तिथेच राहू दे."

"का गं आई?"

काय सांगू त्याला? म्हटलं, "मला पुढे बसायचंय."