पाच तासांचं पाणी

ती. स्व. मामांस,

भाच्याचा वाकून नमस्कार. (खरोखरच वाकलोय, कारण पाठ भाजली आहे. ते पुढे येईल.) तुमच्या गुडघ्याची सूज आणि मामींचा माझ्यावरचा राग, दोन्ही उतरलं असेल असं धरून चालतो. आईच्या मते सूज उतरली आहे. इकडे आम्ही सगळे ठीक. आई खिमा खाऊन कंटाळली आहे, आणि बाबा मीठ मागायचं असलं तरी माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघून मागतात. पत्रास तसं खास काही कारण नाही. (असलंच तर शेवटी येईल. पेपर तपासताना तुम्ही शेवटचं पान आधी उघडता, तसं इथे करू नका.)

सात महिन्यांपूर्वी तुमच्या तासाला जे झालं, त्याबद्दल मी अजून माझ्या मतावर ठाम आहे. पाणी उकळायला लागलं की कितीही आच द्या, सगळ्याची वाफ होईपर्यंत काटा पुढे सरकत नाही, असं तुम्ही फळ्यावर लिहीत होतात. मी नव्वद मुलांसमोर उभा राहून विचारलं की याचा आजवर कुणाला काही उपयोग झालाय का. तुम्ही खडूनं खाली बसायची खूण केलीत. मी दप्तर उचललं आणि कॉलेज सोडलं. (दप्तर शेजारच्याचं होतं, हे फाटकापाशी लक्षात आलं. पण ताठ मानेनं बाहेर पडलेल्या माणसाला दप्तर बदलायला परत जाता येत नाही. त्याचा डबा मात्र चांगला होता.)

तर हल्ली मी पिंपात मांस धुरावतो, म्हणजे धुरात मंद आचेवर शिजवतो. हसू नका. आमच्या रस्त्याच्या वळणावर मटणाचं दुकान आहे. मालक सुरी चालवतात आणि त्यांची मुलगी तराजूपाशी बसते. ती पुडी बांधताना रिळावरचा दोरा ओढते, एका हातानं गाठ मारते आणि वर न बघता म्हणते, ‘अजून काही?’ मामा, चार महिने मला या प्रश्नाचं उत्तर सुचलेलं नाही. म्हणून मी आठवड्यातून चारदा पाव किलो खिमा आणतो. एक दिवस रांगेत माझ्या पुढच्या गिऱ्हाइकानं विचारलं, धुरावलेलं मटण मिळेल का. मालक म्हणाले, ते आपल्याला जमत नाही. मागून कुणीतरी ठणकावून म्हणालं, ‘मी करून देतो.’ सगळ्यांनी वळून बघितलं तेव्हा कळलं की तो मीच. तिनंही वर बघितलं. पहिल्यांदाच. आता माघार कशी घेणार?

तेलाचं रिकामं पिंप आणून दुकानापलीकडे रस्त्याच्या कडेला ठेवलं, आत जाळ करून रंग आणि तेलाचा वास घालवला, खाली हवेला भोकं पाडली, झाकणात एका मोडक्या भट्टीचा तापमान दाखवणारा काटा बसवला. पहिल्या खेपेला खाली निखारे, वर बोकडाची मांडी आणि मध्ये नुसता आत्मविश्वास. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडला की भडका, पुन्हा थेंब, पुन्हा भडका. मांडी बाहेरून कोळसा आणि आतून कच्ची निघाली. वेल्डिंगवाला दोस्त म्हणाला, ‘हुबेहूब तुझ्यावर गेलीय.’ त्याच्याशी मी दोन दिवस बोललो नाही. मग गेलो, कारण पत्रा त्याच्याकडे होता. निखाऱ्यांच्या वर जाड पत्रा आडवा टाकला की आच एका जागी लागत नाही, पसरून कडेकडेनं वर जाते, एवढं मला ऐकून माहीत होतं. मी तो इतका मापात कापून घेतला की कडेनं केससुद्धा जाणार नाही. (अचूकपणा माझ्यात उपजत आहे, त्याला कॉलेज लागत नाही.) वीस मिनिटांत आग गुदमरून विझली. तराजूवाली वाटेवरून जात होती, पिंपात डोकावली आणि म्हणाली, ‘कडेनं दोन बोटं जागा सोड की. आगीला श्वास घ्यायला नको? आणि पत्र्यावर पाण्याची परात ठेव. चरबी पाण्यात पडेल, आच मऊ राहील.’ इतकं ती माझ्याशी कधीच बोलली नव्हती. मी ते सगळं पत्र्याच्याच मागे खडूनं लिहून ठेवलं. (नंतर जळलं.)

परात ठेवल्यावर मात्र काटा एकशेदहावर असा बसला की बघत राहावं. अडचण पिंपाची राहिली नाही, माझी राहिली. येणारा-जाणारा म्हणायचा, जमत नाही वाटतं? की मी ताडकन झाकण उचलून दाखवायचो, बघा कसं जमत नाही ते. वारं आत घुसायचं, निखारे फुलायचे, काटा दीडशेवर. एका रविवारी मालक हा तमाशा भिंतीला टेकून शांतपणे बघत होते. पुढच्या रविवारी सकाळी ते दुकानचा दोरा घेऊन आले. मांडी आत गेल्यावर त्यांनी झाकणाची मूठ पिंपाच्या कडीला दोऱ्यानं बांधली आणि म्हणाले, ‘पाच तास. ही माझी गाठ. जशीच्या तशी दिसली, तर आपण पुढचं बोलू.’ मामा, ‘पुढचं’ म्हणजे काय हे विचारायचं धाडस झालं नाही, पण मी त्याच दिवशी दाढी केली.

तीन तास मी देवासारखा बसलो. वेल्डिंगवाला तीनदा डिवचून गेला, मी हातावर बसून राहिलो. मग काटा हलला. एकशेवीस, एकशेतीस, एकशेचाळीस. परातीतलं पाणी संपलं होतं. झाकण उघडावं तर गाठ सुटते, न उघडावं तर मांडी जळते. मी पिंपाभोवती फेऱ्या घालत होतो तेवढ्यात ती उकळत्या पाण्याची किटली घेऊन आली. दुकानातून तिला काटा दिसत नाही, पण माझ्या फेऱ्या दिसत होत्या. तिनं गाठ सोडली, पाणी ओतलं, झाकण लावलं, गाठ मारली आणि गेली. सगळं मिळून एक मिनिटही लागलं नसेल. मी नुसता उभा होतो.

पाच तास भरताच मालक आले. निवांत दिसावं म्हणून मी पिंपाला रेलून उभा राहिलो. (पाठीचं ते हे.) त्यांनी गाठ बोटावर घेऊन फिरवली. विचारलं, ‘उघडलं होतंस?’ मी म्हणालो, ‘हो काका, धीर सुटला. मीच उघडलं, मीच बांधलं.’ पाठ चरचरत होती, पण आवाज चढवला नाही. ते म्हणाले, ‘ही गाठ डाव्या हाताची आहे. आमच्या घरात डावखुरी एकच आहे.’ मग मांडीचा तुकडा कापून त्यांनी इतका वेळ चावला की मी पाठीचं विसरलो. ‘मटण चांगलं झालंय. खोटं बोललास ते वाईट. पण तिचं नाव घेतलं नाहीस, आणि ओरडला नाहीस. येत्या रविवारी पुन्हा बांधतो. पोरगी दिवसभर माझ्यासमोर तराजूवर बसेल. एकट्यानं निभावलंस तर घरी येऊन काय ते बोल. नाहीतर खिमा दुसरीकडून घेत जा. आणि आधी पिंपापासून बाजूला हो, शर्ट जळतोय.’

असो. बाकी सगळं क्षेम. घरातल्या सर्वांना वयाप्रमाणे नमस्कार किंवा टपली.

तुमचा भाचा
(गल्लीत ज्याला रॉकेल म्हणतात)

ता. क. : कॉलेज कसं सोडलं, ते मी तिला मोठ्या ऐटीत सांगितलं. ती म्हणाली, ‘मग त्या तासाला सरांनी पुढे काय शिकवलं?’ मामा, पुढे काय शिकवलंत? पाच तास झाकण बंद, काटा एकशेदहावर, कोळसा तीन किलो, परात बावीस इंची. पाणी किती? काठोकाठ भरलं तर काटा तीन तास वर चढतच नाही, कमी घातलं तर काय होतं ते वर लिहिलंय. उत्तर शनिवारपर्यंत मिळायला हवं. रीत नको, नुसतं उत्तर द्या. (ती म्हणते, रीतही मागव.)

पुन्हा ता. क. : माझी वर्गातली जागा अजून रिकामी असेल तर असू द्या. सहज म्हणतोय. शेजारच्याचं दप्तर धुऊन ठेवलंय.

आणखी एक : मामींची मोठी परात मागच्या महिन्यात हरवली होती. सापडली आहे. तळ काळा झालाय. हे त्यांना रविवारनंतर सांगा.

शेवटचं : पाकीट दुकानच्या दोऱ्यानं बांधलंय. गाठ सैल वाटेल, कारण ती माझी आहे. शिकतोय.