नदीचा पालक

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्या निंबाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझ्या गुडघ्यांना उतार पडला असेल अशी आशा करतो. पाकीट जड लागलं तर घाबरू नको, आधी पत्र पूर्ण वाच.

आपल्या ग्रामसभेनं बोरी नदीला माणूस ठरवलं. (परदेशात एका नदीला कायद्यानं असा मान दिलाय म्हणे.) शाळेतल्या मेघा मॅडम म्हणाल्या, तिलाही जगण्याचा हक्क आहे, पण बोलता येत नाही म्हणून पालक नेमावा. सरपंच तोताराम लगेच माझ्याकडे बघून म्हणाला, "आबा, तुम्हले तशीबी बठ्ठा गावनी काळजी शे, नदीनी बी करा!" टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर नाही कसं म्हणायचं, हे सातवीपर्यंत शिकवत नाहीत.

तेव्हापासून जिवाला घोर. पुरात तिनं कुणाची म्हैस ओढून नेली, तर जाब मला विचारतील का? आणि वयानं ती आपल्या पणज्याहून मोठी, तिचा पालक मी कसा? पण खरा घोर वेगळाच. यंदा पावसानं ओढ दिली. नदीत एकच डोह उरलाय आणि त्यात मोटर आहे माझ्याच पोराची, हितेंद्रची. गेल्या श्रावणात सण संपताना कानबाई नदीत बोळवायला पाणी नव्हतं, तेव्हा पात्रात खड्डा खणून टँकर ओतला. (तो भरला हितेंद्रच्या काठावरच्या विहिरीतून. म्हणजे नदीचंच पाणी नदीला दान!) देवी म्हणून पुजलेला कानबाईचा नारळ वाहायचं सोडून चिखलात बसून राहिला. बाया गाणं म्हणता म्हणता थांबल्या. तू होतीसच.

यंदा तसं नको म्हणून हितेंद्रला म्हटलं, तेवढ्यापुरती मोटर बंद ठेव. तर म्हणतो, "मंग कपाशीले बी मानूस करा, आबा. तिना पालक मी शे!"

कपाशीही तहानलेलीच, अक्का. संध्याकाळी डोहाशी जाऊन बसलो, म्हटलं नदीचंच म्हणणं ऐकावं. ती गप्प होती. बोलत होती ती मोटर.

तुझा,
निंबा

ता. क. पाकिटात मोटरीचे फ्यूज आहेत. कानबाई बोळवेपर्यंत तांदळाच्या डब्यात ठेव. हितेंद्रचा फोन आला तर तुला काही ठाऊक नाही.

ता. क. दुसरा : हितेंद्र सकाळपासून फ्यूज शोधतोय. मीही त्याच्याबरोबर शोधतोय. कपाशीनं मान टाकलीच तर कळवीन, पहिल्या एसटीनं परत पाठव. मात्र नदीला कळू देऊ नको. ती तुमच्याच गावावरून जाते.