गर्दीच्या वेळी पूल उघडणार नाही

३ नोव्हेंबर

जहाजांसाठी उचलायच्या पुलाचा चार्ज आजपासून माझ्याकडे. तात्पुरता. पाच डिसेंबरला मोठे साहेब स्वतः येऊन काम बघणार आणि मग कायम करणार. म्हणजे झालंच समजायचं.

सासरे तीस वर्षं या केबिनमध्ये बसले. ते गेल्या महिन्यात गेले आणि त्यांच्या हाताखालचा अनुभवी माणूस म्हणून खात्याने मला बसवलं. कायम झालो तर क्वार्टर आपलं. नाही झालो तर महिन्याच्या आत खाली करायचं. केबिनच्या खालच्या या दोन खोल्यांत ही जन्मली, सासूबाई लग्न होऊन इथेच आल्या. दोघींच्या डोक्यावरचं छप्पर आता माझ्या हातात आहे. हे मी जेवताना बोलून दाखवलं. ही म्हणाली, म्हणून तर झोप लागत नाही.

सासऱ्यांचं एक चुकायचं. माणूस तुसडा. जहाजवाला असो, बसवाला असो, तोंडावर नाही म्हणायचे. माझं धोरण वेगळं. समतोल. रस्ताही खूश, नदीही खूश.

४ नोव्हेंबर

बोर्ड लावला. ‘सकाळी आठ ते दहा, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, गर्दीच्या वेळी पूल उघडणार नाही.’ अक्षर माझंच. बस ड्रायव्हरांचा पुढारी हात मिळवून गेला. त्याला शब्द दिला.

दुपारी जहाजांचा एजंट आला. म्हणाला, जड जहाज भरतीलाच आत येतं आणि भरती तुमचा बोर्ड वाचत नाही. मुद्दा बरोबर आहे. त्यालाही शब्द दिला, की तुमचं जहाज अडणार नाही. तोही हात मिळवून गेला.

एका दिवसात दोन्ही बाजू खिशात. सासऱ्यांना जन्मात जमलं नाही.

६ नोव्हेंबर

संध्याकाळी धुकं. पुलावर गाड्यांची मुंग्यांसारखी रांग. एवढ्यात समुद्राच्या बाजूने भोंगा. एक लांब, एक छोटा. म्हणजे जहाज म्हणतंय, पूल उघडा. रेडिओवर विचारलं, कोण? उत्तर नाही. दुर्बिणीतून काही दिसेना. एजंटला फोन केला तर तो म्हणाला, आज आमचं काहीच नाही.

नियम असा. उघडणार असू तर आपणही एक लांब, एक छोटा द्यायचा. म्हणजे, हो, या. उघडणार नसू तर पाच छोटे. म्हणजे, नाही, थांबा.

पाच छोटे म्हणजे पाहुण्याच्या तोंडावर दार आपटणं. मी एक लांब, एक छोटा दिला. उघडणार अर्थातच नव्हतो. गर्दीची वेळ, बोर्ड माझाच. पण नुसतं हो म्हणायला काय जातं? भोंगा तिथल्या तिथे गप्प झाला. गोड बोलण्याचा परिणाम.

ग्रीसवाला जिना चढून वर आला. हा सासऱ्यांच्या वेळचा, पुलाच्या यंत्राला तेलपाणी करतो. दारात उभा राहून माझ्याकडे बघत राहिला आणि चहा न घेता खाली गेला. माणूस विक्षिप्त आहे.

७ नोव्हेंबर

सासूबाईंनी विचारलं, काल त्या भोंग्याला हो कुणी म्हटलं? मी म्हटलं, मी. त्यांनी ताट बाजूला सारलं.

त्यांचं म्हणणं असं. हा भोंगा दर वर्षी धुक्याच्या दिवसांत येतो. जहाज कुणी पाहिलेलं नाही. सासरे रोज पाच छोटे द्यायचे, मग तो दुसऱ्या दिवसापर्यंत बंद. तीस वर्षं हेच. त्याला ‘नाही’ ऐकायची सवय आहे. एकदा हो म्हटलं की ते निघतं, आणि जहाजाला ब्रेक नसतो.

मी हसलो. म्हटलं, धुक्यात लांबचा आवाज पाण्यावरून येतो, त्यात विज्ञान आहे. त्या म्हणाल्या, विज्ञान असो नाहीतर काही असो, आज नाही सांगा.

मी हो म्हटलं.

७ नोव्हेंबर, संध्याकाळ

‘नाही’ सांगितलं नाही. काल हो आणि आज नाही, असं केलं तर पुलाची पत काय राहील? पुन्हा एक लांब, एक छोटा.

११ नोव्हेंबर

नदीत जहाजांसाठी खुणेचे लाल दिवे आहेत, समुद्रापासून पुलापर्यंत ओळीने. आज भोंग्यानंतर सर्वांत लांबचा दिवा थोडा वेळ दिसेनासा झाला आणि पुन्हा दिसला. समोरून काहीतरी मोठं गेल्यासारखा. बल्ब खराब असणार. दुरुस्तीचा अर्ज लिहून ठेवला.

१५ नोव्हेंबर

आज ठरवूनच बसलो. भोंगा आला, आणि मी दिले. पाच छोटे, एकामागून एक. खणखणीत.

पण फार तुसडं वाटलं. सासऱ्यांसारखंच. म्हणून शेवटी एक लांब आणि एक छोटा हळूच जोडला. सौजन्य म्हणून.

पलीकडून इतक्या लगेच उत्तर आलं की हातातला चहा सांडला. आवाजात आनंद होता असं मला वाटलं. भोंग्यात आनंद कसा असेल? अपचन झालंय, उद्यापासून संध्याकाळचा चहा बंद.

१६ नोव्हेंबर

चहा चालू. नदीतल्या ओळीच्या मध्यापर्यंतचे सगळे दिवे एकेक करून गेले आणि आले.

१९ नोव्हेंबर

आज भोंगा नाही. सुंठीवाचून खोकला गेला. सासूबाईंना मुद्दाम सांगितलं. त्या म्हणाल्या, आता त्याला विचारायची गरज नाही, तुम्ही हो म्हणालाय.

२३ नोव्हेंबर

भोंगा पुन्हा सुरू. खूप जवळून. केबिनच्या काचा थरथरतात. नदीच्या बाजूच्या कठड्यावर आता पक्षी बसत नाहीत. खिडकी उघडली की ओल्या लोखंडाचा वास येतो, पंप बंद असलेल्या विहिरीत डोकावल्यासारखा.

हिचं माझ्याशी वाजलं. म्हणाली, तुम्हाला नाही म्हणता येत नाही हा काही चांगुलपणा नव्हे, हा भित्रेपणा आहे. माझ्या भावाला तुम्ही दुकानात भागीदार व्हायला हो म्हणालात, तो तुमचं नाव घालून पाटी रंगवून बसलाय. घर गेलं तर आई कुठे जाईल, याचा विचार केलात? आणि ती रडली. ही सहसा रडत नाही. मला वाईट वाटलं, खरंच फार वाईट वाटलं. तिचा हात धरून सांगितलं, उद्या त्या भोंग्याला ठणकावतो.

२४ नोव्हेंबर

ठणकावलं नाही. पण ठणकावायच्या अगदी जवळ आलो होतो. प्रगती आहे.

२८ नोव्हेंबर

ग्रीसवाल्याला म्हटलं, तू जरा पाच छोटे देतोस का? माझा घसा धरलाय. तो म्हणाला, भोंगा बटणावर चालतो, घशावर नाही. मग म्हणाला, ज्याने हो म्हटलं त्यानेच नाही म्हणायचं असतं, माझं तो ऐकणार नाही. त्याने आज यंत्राला दुप्पट ग्रीस लावलं. कारण विचारलं तर म्हणाला, उघडायचं झालंच तर पूर्ण उघडा. आवाज कापत होता. मीच त्याला धीर दिला.

४ डिसेंबर

उद्या परीक्षा. घोडामैदान जवळच आहे.

मोठ्या साहेबांचा फोन. संध्याकाळी सहाला केबिनमध्ये येतो, भर गर्दीत पूल बंद राहिलेला मला बघायचाय. हो म्हटलं.

एजंटचा फोन. उद्या भरती सहाची, धान्याचं जहाज आहे, तुम्ही शब्द दिला होता. हो म्हटलं.

बसचा पुढारी येऊन गेला. सुट्टीच्या आदल्या दिवसाची गर्दी आहे, पूल उघडलात तर रस्त्यावर आडवे होऊ. त्यालाही हो म्हटलं. आडवे होण्याला नव्हे, न उघडण्याला.

तिघांचीही मर्जी राखायची म्हणजे तारेवरची कसरत. पण माणूस अशा वेळीच ओळखू येतो. काहीतरी सुचेल. सासूबाई संध्याकाळपासून एका पेटीत कपडे भरताहेत. त्यांना म्हटलं, कायम होणाऱ्या माणसाच्या घरात हा अपशकुन नको. त्या थांबल्या नाहीत.

५ डिसेंबर, सकाळ

कडक इस्त्रीचा शर्ट. मन अगदी शांत. आज त्याला ‘नाही’ सांगणार. पहिल्याच भोंग्याला, साहेबांसमोर. त्यांनाही कळू दे माणूस किती खंबीर आहे.

६ डिसेंबर

अक्षर वेडंवाकडं येतंय. पण लिहून ठेवलंच पाहिजे, म्हणजे माझी बाजू नोंदली जाईल.

सहा वाजता धुकं असं, की पुलाचं दुसरं टोक दिसेना. गाड्यांचे दिवे तेवढे दिसत होते. साहेब माझ्या खुर्चीत बसले, मी उभा. धान्याच्या जहाजाने वळणावरून भोंगा दिला. शब्द दिलेला होता, हो म्हणावं लागलं. साहेबांना म्हटलं, ही नुसती पोच असते.

आणि मग पुलाच्या अगदी खालून दुसरा. एक लांब, एक छोटा. साहेब खुर्चीतून उठले. रेडिओवर धान्याच्या जहाजाचा कप्तान ओरडला, माझ्यापुढे हे कोण आहे? एवढं मोठं? आणि त्याने नांगर टाकला, त्याच्या साखळीचा आवाज आम्हाला इथवर ऐकू आला.

बोट बटणावर ठेवलं. पाच वेळा दाबायचं, बस. हिचा चेहरा आठवला. सासूबाईंची पेटी आठवली. देवाशपथ, दाबणारच होतो. पण इतका लांबून आला, महिनाभर हो म्हणून बोलावलं आणि दारात आल्यावर नाही म्हणायचं? मला ते जमेना.

खाली बसवाले हॉर्न देत होते. तेव्हा सुचलं. समतोल. फाटकं पाडली, रस्ता थांबवला आणि पूल अर्धा उचलला. साहेब किंचाळले, हे काय करताय? म्हटलं, सर, मधला मार्ग. ग्रीसवाला खालून ओरडत होता, पूर्ण, पूर्ण!

जहाज दिसलं नाही. हे मी स्पष्ट नोंदवतो, काहीही दिसलं नाही. फक्त नदीतले दिवे मागून पुढे एकेक करून गेले आणि या वेळी आले नाहीत. पुलाखालचं पाणी दबलं, गादीवर कुणी बसावं तसं. थंडी आली. मग उचललेल्या पुलाची कड वाकायला लागली. सावकाश, वरच्या बाजूला. रंगाचे पोपडे उडत होते आणि लोखंड कण्हत होतं. संपता संपेना. किती लांब होतं ते! खाली रस्त्यावर सगळ्यांनी गाड्यांची इंजिनं बंद केली होती. कुणी सांगितलं नव्हतं. शेकडो माणसं आणि एक खोकला नाही. साहेबांनी माझी बाही घट्ट धरली होती. एवढा मोठा माणूस, पण त्या वेळी आधार माझाच घेतला.

मग आवाज थांबला आणि कुठल्यातरी बसमध्ये एक मूल रडू लागलं.

पूल अर्ध्यावरच अडकला आहे. वर जात नाही, खाली येत नाही.

९ डिसेंबर

साहेबांनी ऑफिसात बोलावलं. दार लावून घेतलं. म्हणाले, त्या संध्याकाळी आपण काही पाहिलं का? मी म्हटलं, सर, आपण म्हणाल तसं. ते म्हणाले, मग काहीच पाहिलं नाही, काहीच ऐकलं नाही, असं लिहून द्या. मी हो म्हटलं आणि सही केली. मनावरचं ओझं उतरलं. साहेब खूश दिसले. कायम होण्याच्या दृष्टीने हे चांगलंच.

१२ डिसेंबर

निकाल आला. नदीत काहीच नव्हतं, हे चालकाच्या लेखी जबाबावरून सिद्ध. सबब पूल वाकला तो चालकाच्या हाताने. नोकरी गेली. क्वार्टर आठ दिवसांत खाली.

एजंटने फोन उचलला नाही. बसच्या पुढाऱ्याने उचलला, पण शिव्या द्यायला.

२० डिसेंबर

नवी जागा. तिसरा मजला, दोन खोल्या, शहराच्या वरच्या टोकाला. नदी इथून दिसतसुद्धा नाही. हवा कोरडी. प्रकृतीला एकंदरीत बरंच म्हणायचं. सासूबाई आल्यापासून एका खुर्चीत बसून आहेत, आपलं घर कुठे आहे ते मधूनच विचारतात. ही उत्तर देते. मला ते ऐकवत नाही, मी बाहेर जाऊन उभा राहतो.

संध्याकाळी स्वयंपाक चालू होता. खाली रस्त्यावर नेहमीची गर्दी. एकदम हॉर्न थांबले. खिडकीतून बघितलं तर गाड्या आपोआप दोन्ही कडांना सरकत होत्या आणि मधला रस्ता मोकळा होत होता, थेट आमच्या दारापर्यंत. कोपऱ्यापासूनचे दिवे एकेक करून जायला लागले.

एक लांब. एक छोटा.

हिने गॅस बंद केला. सासूबाई खुर्चीतून उठून हिच्याजवळ आल्या, दोघी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. ही मला म्हणाली, नाही म्हणा. आयुष्यात एकदा, आमच्यासाठी. खिडकीतून ओरडून म्हणा.

मी खिडकीशी गेलो. मनात ‘नाही’च होतं, अगदी पक्कं. वास ओळखीचा होता. जिन्यावर काहीतरी थांबून राहिलं होतं, वाट बघत, सभ्यपणे.

तोंड उघडलं आणि म्हणालो, बघतो.